अॅल्युमिनियममध्ये काय मिसळावं: अॅल्युमिनाचे नॅनोकण की ग्राफीन?

ताकद वाढवायची असेल तर अॅल्युमिना आणि ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) दोन्ही चालतात. प्रश्न गंजण्याचा आला की वाटा वेगळ्या होतात.

अॅल्युमिनियम टिकतं ते त्याच्या पृष्ठभागावरच्या जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थरामुळे. खाऱ्या पाण्यातले क्लोराइड आयन नेमका तोच थर फोडतात आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. अॅल्युमिना हा मुळात अॅल्युमिनियमचाच ऑक्साइड, शिवाय विजेचा दुर्वाहक. त्यामुळे कण आणि धातू यांच्यात विद्युत-रासायनिक जोडी (बॅटरीसारखी, जिच्यात एक बाजू झिजते) जमत नाही.

ग्राफीनचं तसं नाही. कार्बन वीज उत्तम वाहून नेतो आणि अॅल्युमिनियमच्या तुलनेत कॅथोड (न झिजणारी बाजू) ठरतो. ओलावा मिळाला की लगतचा धातू अॅनोड होऊन झिजतो. त्यात मिश्रण जास्त तापलं तर अॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. पाणी लागताच त्याचं विघटन होऊन मिथेन सुटतो आणि आत पोकळी राहते. (ग्राफीन गंज रोखतं, असं वाचलं असेल, पण ते बहुतेकदा पृष्ठभागावरच्या लेपाबद्दल असतं. धातूच्या पोटात मिसळलेल्या ग्राफीनला ते लागू होत नाही.)

अर्थात अॅल्युमिनाही निर्धोक नाही. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना गुठळ्या होण्याची भारी खोड. गुठळीभोवती सूक्ष्म छिद्रं राहतात आणि क्षार तिथूनच आत शिरतो. कण नीट विखुरले तर धातूचे स्फटिककण बारीक होतात, ऑक्साइडचा थरही बहुधा एकसारखा बसतो.

समुद्राजवळच्या भागांसाठी मी अॅल्युमिनाच निवडेन. उष्णता वाहून नेणं हेच मुख्य काम असेल आणि भाग कोरडा राहणार असेल, तर ग्राफीनचा विचार करता येईल.