20 फुटी लोखंडी हौदा: एक पावसाळा आणि एक कांदा हंगाम वापरून झाल्यावर

ट्रकची बॉडी बांधायला टाकली की बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "पत्रा कितीचा टाकलाय?" कारागीरही मग पत्र्याच्या जाडीवरच भाव सांगतो. हौदा (माल भरायची मागची पेटी) चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कसा बसवणार, हे कोणी विचारत नाही. एक हंगाम भरून वाहतूक झाल्यावर सांगता येतं ते असं की पत्र्याने या बॉडीत काहीच त्रास दिला नाही. जो त्रास झाला तो बहुतेक सगळा पत्र्याखालच्या फूटभर उंचीत झाला.

गाडी दोन अ‍ॅक्सलची, एकूण वजन 18.5 टन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 5.2 मीटर. चासी-केबिन घेऊन बॉडी बाहेर बांधून घेतलेली. हौदा 6.1 मीटर लांब, 2.3 मीटर रुंद, बाजू दीड मीटर उंच, मागे दोन पाखांचा फाळका, म्हणजे मागचं दार. माल मुख्यतः कांदा, नाशिक पट्ट्यातून कसारा घाट उतरून वाशीला. परतीला खत, कधी सिमेंट, कधी मिळेल ते.

बांधणी अशी: चासीच्या दोन्ही लांब चॅनेलवर (सी आकाराच्या लोखंडी बारांवर) 100×50 मिमीचे दोन लांब चॅनेल, म्हणजे सबफ्रेम. त्यावर आडवे 75 चे चॅनेल, दर 400 मिमीला एक, एकूण 16. तळाला 3 मिमीचा पत्रा, बाजूंना 1.6 मिमीचा घड्या घातलेला पत्रा, हेडबोर्ड (केबिनमागची पुढची भिंत) 2 मिमी. वजनाचा हिशेब आधीच करता येतो, कारण 1 मिमी जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो भरतो. तळ 14 चौरस मीटर, म्हणजे 3 मिमीत 330 किलो. आडवी चॅनेल साधारण 260, बाजू 230, सबफ्रेम 117. खांब, फाळका, हेडबोर्ड, बिजागऱ्या धरून बॉडी 1300 किलोच्या आसपास गेली.

आता कोणी म्हणालं की तळाला 5 मिमी टाका, "पिढ्यान् पिढ्या चालेल", तर वाढतात 220 किलो. म्हणजे 50 किलोच्या चार गोण्या दर खेपेला कमी, गाडी असेपर्यंत. कांदा, भाजी, खत, पेंड अशा गोणीच्या मालाला 3 मिमी पुरतो. अट एवढीच की खालची आडवी चॅनेल एकमेकांपासून 400 मिमीपेक्षा लांब जाऊ नयेत. काही कारागीर 600 वर नेतात आणि पत्रा जाड टाकून भरपाई करतात. त्यात दोन चॅनेलच्या मध्ये तळ बसतो, खळगा पडतो, खळग्यात पाणी साचतं. दगड, खडी, भंगार वाहणाऱ्याने मात्र हे वाचून 3 मिमी टाकू नये. तो हिशेबच वेगळा.

खरी गोष्ट पिळाची. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब उघडी चॅनेल आणि मध्ये आडव्या पायऱ्या. ती मुद्दाम पिळता येईल अशी केलेली असते. शेतातून मुख्य रस्त्यावर चढताना पुढचं एक चाक वर आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक वर, अशी स्थिती आली की पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) थोडं सोसतात, बाकीचं चासी सोसते. 100×50 चं 5 मिमी जाडीचं उघडं चॅनेल आणि त्याच मापाचा, त्याच जाडीचा बंद चौकोनी पाइप घेतला, तर पिळाला पाइप दीडशे पटींहून जास्त ताठ असतो. वाकण्यात दोघांत एवढं अंतर नसतं, म्हणून "पाइप मजबूत" हे ऐकायला बरोबर वाटतं. पण सबफ्रेम बंद पाइपची केली आणि ती चासीला पुढपासून मागपर्यंत घट्ट आवळली, की खालची चासी पिळायला बघते आणि वरची बॉडी तिला पिळू देत नाही. मग कुठेतरी तुटतंच. बहुतेक वेळा केबिनच्या मागे पहिल्या दीड मीटरमध्ये.

म्हणून या बॉडीत सबफ्रेम उघड्या चॅनेलची ठेवली. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना स्प्रिंग लावलेले ब्रॅकेट, मध्ये यू बोल्ट (दोन्हींना कवेत घेऊन आवळणारे), आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळपास दर बाजूला दोन शिअर प्लेट, म्हणजे सबफ्रेम आणि चासीला जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या. पुढे ढिलाई, मागे पक्की पकड, असा हा क्रम. शिअर प्लेट नसली तर घाटात ब्रेक मारल्यावर अख्खा हौदा मिलिमीटर-मिलिमीटरने पुढे सरकतो, कारण यू बोल्ट फक्त दाबून धरतो, सरकणं अडवणं हे त्याचं काम नाही. शिअर प्लेट चासीच्या उभ्या बाजूला, गाडी बनवणाऱ्याने दिलेल्या भोकांतच, 8.8 ग्रेडच्या बोल्टने बसवायच्या. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही आणि वेल्डिंगचा टाकासुद्धा नाही. तिथे ताण सर्वांत जास्त असतो आणि चासीचं पोलाद साध्या चॅनेलपेक्षा बरंच जास्त ताकदीचं असतं. वेल्डिंगची उष्णता लागली की ती ताकद घटते.

यू बोल्ट आवळताना आणखी एक चूक सर्रास दिसते. चासीचं चॅनेल उघडं असल्यामुळे बोल्ट ताणला की वरची आणि खालची पट्टी आत वळते. प्रत्येक यू बोल्टपाशी चॅनेलच्या पोटात उभा ठोकळा हवा. आमच्याकडे सुरुवातीला लाकडी ठोकळे घातले होते. पावसाळ्यानंतर लाकूड सुकलं, आक्रसलं आणि सहापैकी चार बोल्टांत ढिलाई आली. ओळखायची खूण सोपी आहे: बोल्टखाली चासीचा रंग उडून लोखंड चकचकीत दिसतं, कडेला बारीक लालसर भुकटी जमते. असं दिसलं की तिथे हालचाल आहे, नुसतं आवळून भागत नाही. नंतर सगळे ठोकळे लोखंडी पाइपचे कापून घातले, तेव्हापासून ढिलाई नाही. सायलेन्सरच्या बाजूला तर लाकूड पहिल्या दिवसापासून नकोच. बीएस-6 (प्रदूषण निकषाच्या) गाडीत काजळीचा फिल्टर साफ होताना एक्झॉस्टमधला वायू 550-600 अंशांपर्यंत तापतो.

यू बोल्टच्या आत काय सापडतंय तेही हाताने चाचपून बघावं. चासीच्या आतल्या अंगाने ब्रेकच्या हवेचे नायलॉन पाइप आणि वायरिंगचा जाड गठ्ठा जातो. एका जागी ठोकळ्याची धार पाइपला लागून राहिली होती. पाइप फुटला नाही, पण खरवडून अर्धा झाला होता. सकाळी गाडी सुरू करताना हवेचा काटा रोजच्यापेक्षा खाली दिसायचा, त्यावरून शोध लागला.

बॉडीची जागा हा दुसरा विषय, आणि इथे वजनकाट्यावर दंड होतो. हौदा आणि माल मिळून 14 टन धरा. या हौद्याचा मध्य पुढच्या अ‍ॅक्सलपासून 3.75 मीटरवर येतो. 3.75 ला 5.2 ने भागलं की मागच्या अ‍ॅक्सलचा वाटा निघतो: साधारण 72 टक्के, म्हणजे 10.1 टन. चासी-केबिनचे मागे पडणारे 1.4 टन त्यात मिळवले की 11.5. चार टायरांच्या मागच्या अ‍ॅक्सलची 2018 पासूनची मर्यादा नेमकी तेवढीच. पुढे राहतात 7 टन. म्हणजे काठावरचं काम. केबिन आणि हेडबोर्डमध्ये आम्ही 150 मिमी अंतर ठेवलंय, केबिन पुढे झुकवताना घासणार नाही एवढं. कारागिराचं म्हणणं होतं 300 ठेवू, मध्ये दोर-ताडपत्रीची पेटी बसेल. ते 150 मिमी वाढवले असते तर 400 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून मागच्यावर गेले असते. एकूण वजन कायद्यात, तरी मागचा अ‍ॅक्सल ओव्हरलोड. वर मागचे टायर लवकर जातात आणि चढावर स्टिअरिंग हलकं लागतं ते वेगळंच. पेटी चासीच्या बाजूला लटकवा.

आता काय तुटलं ते. हंगामाच्या मध्यावर, पुढून दुसऱ्या आडव्या चॅनेलला डाव्या बाजूला तडा गेला. तडा आधी डोळ्यांना दिसत नाही. वेल्डिंगच्या काठावरून खाली उतरलेली गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसते, आणि धुतल्यावर दोन दिवसांत ती परत येते. कारण सापडलं ते दुहेरी होतं. आडवं चॅनेल सबफ्रेमला चारही बाजूंनी पूर्ण झाळलेलं होतं, पट्टीच्या कडेवरूनसुद्धा. तिथे फक्त उभ्या बाजूला, 50-50 मिमीचे टाके, कडा मोकळ्या सोडून, एवढंच पाहिजे. आणि सबफ्रेमचं पुढचं टोक काटकोनात कापलेलं होतं. ते टोक चासीच्या पट्टीत रुतत होतं, आडवा ओरखडा स्पष्ट दिसत होता. तिथे ताकद एकदम बदलते, आणि सगळा ताण त्या एका रेषेवर येतो.

दुरुस्ती या क्रमाने केली. तड्याच्या दोन्ही टोकांना 6 मिमीचं भोक, म्हणजे तडा पुढे पळत नाही. तडा ग्राइंडरने व्ही आकारात तळापर्यंत खोदला, सीओटू वेल्डिंगने 1.2 मिमीच्या तारेने भरला, वरचा उंचवटा घासून सपाट केला. वर पट्टी मारायची घाई केली नाही. चौकोनी पट्टी मारली की तिच्या कडेला नवा तडा येतो, हे कोणत्याही टिपरच्या खाली वाकून बघा, दिसेल. लावलीच तर दोन्ही टोकांना निमुळती. सबफ्रेमचं पुढचं टोक 45 अंशांत तिरकं कापलं आणि खालची धार गोल केली. हे शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे आणि बॉडी बांधतानाच करून मागावं.

रंगकाम व्हायच्या आधी एक चाचणी जरूर करा. पुढचं एक चाक आणि मागचं विरुद्ध बाजूचं चाक 150 मिमीच्या लाकडी ठोकळ्यांवर चढवा आणि खालून बघा. पुढच्या स्प्रिंगच्या ब्रॅकेटपाशी सबफ्रेम आणि चासीत थोडी फट उघडली पाहिजे. ठोकळे काढल्यावर ती बंद झाली पाहिजे. फट कुठेच उघडत नसेल तर बॉडी फार ताठ बसली आहे. त्याच वेळी हौद्याचे दोन्ही कर्ण टेपने मोजा, फरक 5 मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर फाळका कधीच नीट लागणार नाही.

गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) कनेक्टर सोडवा. अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगपासून वीतभर अंतरावरच लावा. चिमटा बंपरला आणि वेल्डिंग मागे, असं केलं तर करंट बेअरिंगमधून नाहीतर सेन्सरच्या वायरीतून वाट काढतो. नव्या गाडीचा ईसीयू गेला तर बॉडीच्या मजुरीपेक्षा बिल मोठं.

पावसाळ्याबद्दल थोडंच. गंज पत्र्याच्या मधोमध कधीच सुरू होत नाही. तो तळाचा पत्रा आणि आडवं चॅनेल यांच्या मिठीत सुरू होतो, जिथे ब्रश पोचत नाही. म्हणून जोडण्याआधीच दोन्ही तोंडांना झिंक फॉस्फेट प्रायमर हवा. नुसता रेड ऑक्साइड वर्षात सुटतो. वेल्डिंगच्या जागी प्रायमर जळतो, तिथे नंतर पुन्हा मारावा लागतो, आणि हे काम नेमकं विसरलं जातं. हेडबोर्डच्या पायथ्याशी दोन कोपऱ्यांत 20 मिमीची भोकं पाडून घ्या. आमच्या हौद्यात ती नव्हती. पुढच्या कोपऱ्यातल्या गोण्या खालून ओल्या व्हायच्या आणि कांद्याचं पाणी, त्यात खताची भुकटी, असं मिश्रण लोखंडाला अक्षरशः खातं. खत उतरवल्यावर त्याच दिवशी हौदा धुणं हा यावर सर्वांत स्वस्त उपाय. बाजूच्या पत्र्यात कांद्यासाठी वाऱ्याच्या फटी ठेवल्यात, त्या उपयोगी आहेत, पण सिमेंट भरताना आतून ताडपत्री लावावी लागते.

पासिंगला (आरटीओ तपासणीला) अडचण आली नाही. बाजूचं गार्ड आणि मागचा बंपर रिकाम्या गाडीत जमिनीपासून 550 मिमीपेक्षा वर नको, रिफ्लेक्टिव्ह टेप पूर्ण हवी, मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांमागे बाहेर राहणारा भाग) व्हीलबेसच्या 60 टक्क्यांत हवा. आमचा 1.6 मीटर, मर्यादा 3.12, म्हणजे भरपूर जागा. बंपर मात्र सबफ्रेमला न लटकवता चासीला बोल्टने बसवून घ्यावा.

फाळक्याच्या बिजागऱ्यांची 20 मिमीची पिन एका हंगामात दीड मिमी झिजली. ग्रीस निपल नव्हतेच. निपल असलेल्या नव्या बिजागऱ्या मागवल्यात. तोवर पाखं मिटताना उजवीकडचं पाख खांद्याने थोडं उचलून कडी घालावी लागते. यू बोल्ट पहिल्या भरलेल्या खेपेनंतर आणि मग हजार किलोमीटरला टॉर्क पान्याने तपासले. आता प्रत्येक ऑइल बदलीला तपासतो.