उपाशीपोटीची साखर की एचबीएवनसी?

तपासणीच्या आधी दोन दिवस आई भात सोडायची. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि लॅबच्या बाकावरच डब्यातले पोहे खायचे. साखर आली ११२, घरात सगळे निर्धास्त. पुढे डॉक्टरांनी एचबीएवनसी ही साखरेचीच दुसरी तपासणी करायला लावली, तर ७.४, म्हणजे मधुमेह!

फास्टिंगमध्ये, म्हणजे उपाशीपोटीच्या तपासणीत, कळते ती त्या एका सकाळची साखर. आठ तास पोटात काही नको. १०० च्या आत ठीक, १२६ पासून पुढे मधुमेह. त्रास काही नसेल तर पुन्हा तपासून खात्री करायची. स्वस्त, आणि तालुक्याच्या गावातही होते.

एचबीएवनसी तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब समोर येतो. दोन दिवसांच्या पथ्याने तो बदलत नाही, उपाशीही राहावं लागत नाही. ६.५ पासून मधुमेह.

पण आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं सर्रास दिसतं, आणि लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो. गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. तो असेल तर एचबीएवनसीवर विसंबूच नये. गरोदरपणात ग्लुकोज पाजून केलेली तपासणीच खरी.

चाळिशी उलटलेली, आई-वडिलांना मधुमेह, पोट सुटलेलं, असं असेल तर पहिल्यांदा दोन्ही एकत्र कराच. सोबत हिमोग्लोबिनही बघा. एकीचेच पैसे असतील तर फास्टिंग करा, पण आधीचे दिवस पथ्य न करता नेहमीसारखं जेवून-खाऊन.