सात फुटी सिमेंट पोल: चकाकीवर जाऊ नका, सळई कुठे आहे ते बघा

तार कंपाउंडसाठी पोल बघायला निघालात, की ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बहुतेक ठिकाणी एकच माल समोर येतो. प्लास्टिकच्या साच्यात ओतलेला, चार बाय चार इंची, सात फुटी पोल, आत चार सळया. मुरबाड-शहापूरकडच्या शेतघरांना हाच, भिवंडीच्या गोदामांच्या मोकळ्या जागेला हाच आणि ऐरोली-बेलापूरच्या खाडीकडेच्या प्लॉटलाही हाच. हे परीक्षण या मालाचं आहे, एखाद्या कारखान्याचं नाही. साचे सगळ्यांकडे त्याच दोन-तीन मापांचे असतात आणि खडी इथल्याच काळ्या दगडाची. फरक पडतो तो ओतणाऱ्याच्या हातामुळे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. खाडीपासून लांब, मुरमाच्या किंवा शेतजमिनीत हा पोल नीट बनवलेला असेल तर घ्यायला काहीच हरकत नाही. खाडीकाठी मात्र चार इंची पोल घेऊ नये, मग तो कितीही चांगला बनवलेला असो. याचं कारण सळईवरच्या कव्हरमध्ये, म्हणजे सळई आणि पोलचा बाहेरचा पृष्ठभाग यांच्यामधल्या काँक्रीटच्या जाडीत आहे.

आधी पोल भरताना काय होतं ते बघू. साचा व्हायब्रेटर टेबलावर ठेवतात, तळाला इंचभर माल टाकतात, त्यावर सळयांचा पिंजरा ठेवतात आणि वरून साचा भरतात. टेबल सुरू झालं की ओला माल पातळ होतो आणि पिंजरा हळूहळू खाली बसतो. तो सरळही बसत नाही, एका बाजूने जास्त बसतो. दोन मिनिटांनी टेबल बंद होतं तेव्हा वरचं तोंड थापीने गुळगुळीत केलेलं असतं आणि खाली दोन सळया साच्याच्या तळापासून जेमतेम पाच-सात मिलिमीटरवर येऊन टेकलेल्या असतात. साच्यातून काढल्यावर तीच बाजू सगळ्यात चकचकीत दिसते, कारण ती प्लास्टिकला लागून होती. गिऱ्हाईक त्याच बाजूवरून हात फिरवतं आणि खूश होतं.

यावर इलाज क्षुल्लक आहे. पिंजऱ्याला दर दोन फुटांवर २० मिमीचे कव्हर ब्लॉक लावायचे, तळाला आणि दोन्ही बाजूंना. प्लास्टिकचे गोल स्पेसरही चालतात, सिमेंटचे घरी पाडलेलेही चालतात. खर्च पोलमागे किरकोळ, पण हात अडतो, वेग कमी होतो, म्हणून वगळतात. कारखान्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: कव्हर ब्लॉक कुठे ठेवलेत? पोतं समोर दिसलं तर पुढचं बोलणं करा. ‘आमचा माणूस हाताने बरोबर ठेवतो’ हे उत्तर आलं तर परत फिरा.

आता खाडीचा हिशेब. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीच्या हवेला उघडं असलेलं काँक्रीट ‘सिव्हिअर’ वर्गात मोडतं. तिथे सळईवर ४५ मिमी कव्हर, किमान एम ३० मजबुतीचं काँक्रीट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५ हवं. चार इंची पोलची रुंदी १०० मिमी. दोन्ही बाजूंनी ४५-४५ सोडले तर मधे १० मिमी उरतात, त्यात चार सळया आणि त्यांना बांधून ठेवणारी रिंग मावणार कशा? म्हणजे नियमात बसेल असा चार इंची पोल खाडीकाठासाठी बनूच शकत नाही. काँक्रीट एम ३५ घेतलं तर कव्हरमध्ये ५ मिमीची सूट मिळते, तरी जागा पुरत नाही. त्यासाठी सहा इंची पोल घ्यावा लागतो आणि सात फुटी सहा इंची पोलचं वजन १२० किलोच्या घरात जातं. उचलायला चौघं लागतात, वाहतूक वाढते, म्हणून कोणी सुचवत नाही. पण २० मिमी कव्हरचा पोल खाडीच्या वाऱ्यात उभा केला की क्षार सळईपर्यंत पोचायला फार अडथळा उरत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो आतून रेटतो आणि सळईच्या रेषेत उभी चीर पडते. चीर पडली की पाणी थेट आत जातं आणि पुढचं काम झपाट्याने होतं. पोल आडवा मोडला तर मार बसलाय असं समजा. उभा फाटला तर आतली सळई गंजली आहे.

क्षार बाहेरूनच येतात असंही नाही. खाडीची रेती न धुता वापरली किंवा खाडीकडेच्या बोअरचं खारट पाणी माल कालवायला घेतलं, तर पोल जन्मालाच खारट. आरसीसीसाठी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटसाठी, कालवायच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा जास्त क्षाराच्या पाण्याने क्युरिंगही (ओतलेलं काँक्रीट ओलं ठेवणं) करू नये. रेतीच्या बाबतीत व्हीएसआय क्रशरवर दगड फोडून केलेली क्रश सँड बरी. ती पाणी जरा जास्त मागते, पण मीठ नसतं. क्रशरची नुसती डस्ट मात्र रेती म्हणून चालत नाही. तिच्यातली पूड पाणी पिते, मग माल सरकावा म्हणून कामगार बादलीने पाणी वाढवतो आणि पोल भुसभुशीत होतो.

सिमेंटची चोरी पकडायला प्रयोगशाळा लागत नाही. सात फुटी चार इंची पोलमध्ये साधारण ०.०२१ ते ०.०२२ घनमीटर काँक्रीट बसतं, वजन पन्नास-बावन्न किलो. एम २५ साठी घनमीटरला ३५०-३६० किलो सिमेंट धरलं तर पोलमागे साडेसात-पावणेआठ किलो होतं. म्हणजे ५० किलोच्या गोणीत सहा, फार ताणलं तर साडेसहा पोल. कामगाराशी गप्पा मारता मारता सहज विचारा, ‘एका गोणीत किती काढता?’ तो अभिमानाने दहा म्हणाला, तर घनमीटरला अडीचशे किलोदेखील सिमेंट पडत नाही हे लक्षात घ्या. आरसीसीला सौम्य हवेतसुद्धा ३०० किलोच्या खाली जाता येत नाही.

लोखंडाचंही तसंच. ६ मिमीच्या चार सळया म्हणजे सुमारे १.८५ किलो, ८ मिमीच्या घेतल्या तर ३.३ किलो, वर रिंगांचं अडीचशे-तीनशे ग्रॅम. भाव इथे मुद्दाम लिहीत नाही, आठवड्याला बदलतात. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या दराने हे आकडे गुणा, खडी-रेती आणि मजुरी धरा. विक्रीचा भाव त्याच्याही खाली असेल तर काहीतरी कमी घातलेलं आहे, एवढं नक्की. बहुधा रिंगा. सळया मोजता येतात, रिंगा कोणी मोजत नाही. सहा-सात इंचांवर एक, म्हणजे पोलमध्ये बारा ते चौदा रिंगा हव्यात. जुन्या बाइंडिंग वायरचे तीन-चार वेढे म्हणजे रिंगा नव्हेत.

आणखी एक गंमत. अनेक गिऱ्हाइकं पोलच्या टोकाला सळया दिसल्या की समाधानी होतात, ‘चार आहेत ना, मोजल्या’. म्हणून कारखानेही सळया टोकापर्यंत आणून उघड्या ठेवतात. जमिनीत जाणाऱ्या टोकाला उघडी सळई म्हणजे गंजाला दिलेलं आमंत्रण. सळई दोन्ही टोकांपासून २०-२५ मिमी आत संपली पाहिजे. आत काय आहे ते बघायचं असेल तर ढिगातला तुमच्या पसंतीचा एक पोल घणाने फोडून दाखवायला सांगा, त्याचे पैसे द्या. शंभर पोल घेणाऱ्याला हा खर्च जड नाही. फुटलेल्या तोंडावर टेप लावा: चारही बाजूंनी कव्हर किती, खडी सगळीकडे सारखी पसरली आहे की तळाला दगड आणि वर नुसता राडा, सळईच्या खाली पोकळ्या आहेत का. २० मिमीची खडी दिसली तर ती चूकच. पिंजरा आणि साचा यांच्या फटीतून ती जात नाही, तिथे अडकते आणि मागे पोकळी राहते. या पोलला १० मिमीचीच खडी लागते. टेबलावर ठेवूनही वर बुडबुडे यायचे थांबायच्या आत साचा उचलला तर पोकळ्या राहतात. फार वेळ हलवत ठेवला तर दगड खाली आणि पाणी वर येतं, मग वरचं तोंड नखाने खरवडलं तरी भुकटी निघते.

प्लास्टिकच्या साच्याबद्दल आमचं मत संमिश्र आहे. हलका, तेल कमी लागतं, कडा सुबक येतात. पण त्याला पोट सुटतं. उन्हात पडून आणि सतत आपटून बाजू फुगतात, मग पोल मधे जाड आणि धनुष्यासारखा वाकडा निघतो. साचा सपाट जमिनीवर ठेवला नाही तरी तेच होतं. त्याहून वाईट सवय म्हणजे चोवीस तास व्हायच्या आत साचा पिळून पोल सोडवणं. हिरव्या, म्हणजे अजून पुरतं न आवळलेल्या काँक्रीटला तेवढा पीळ सोसत नाही. मधल्या भागात केसासारख्या चिरा पडतात, ओल्यात दिसत नाहीत, वाळल्यावर दिसतात. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आणि पावसाळी हवा असेल तर छत्तीस-अठ्ठेचाळीस तास थांबावंच लागतं. दोन चॅनेल बोल्टने जोडलेला लोखंडी साचा जड आणि महाग, पण पोल सरळ काढतो. आमची पसंती त्यालाच. साच्याला इंजिनाचं जळकं तेल फासत असतील तर पोलवर काळे डाग राहतात आणि नंतर रंग धरत नाही.

तारेची भोकं ही वेगळी डोकेदुखी. साच्यात आडवा गज घालून भोक पाडतात आणि माल थोडा आवळल्यावर, दोन-तीन तासांत, तो फिरवून काढतात. उशीर झाला तर गज ठोकून काढतात आणि भोकापासून कडेपर्यंत चीर जाते. भोकाभोवती बोट फिरवून बघाच.

क्युरिंग ओपीसीला (साध्या सिमेंटला) किमान सात दिवस, पीपीसीला दहा. एकदा पाइपने पाणी मारणं म्हणजे क्युरिंग नव्हे. हौद हवा किंवा गोणपाट सतत ओलं हवं. चांगल्या कारखान्यात पोलवर ओतल्याची तारीख रंगवलेली असते. तारीख नसेल तर सगळ्यात वरचा, सगळ्यात नवा थर तुमच्या गाडीत चढतो.

प्रीस्ट्रेस पोलही मिळतात, लांब बेडवर ताणलेल्या हाय टेन्साइल तारा घालून केलेले. सरळ, सडपातळ, मार सोसणारे. आतली तार बारीक असते, त्यामुळे गंज लागला की संपायला वेळ लागत नाही. पुन्हा खाडीचाच प्रश्न. त्यात ड्रिल मारू नये, कापू नये. मुरबाडच्या शेताला बजेट असेल तर हाच घ्या.

कारखान्यात करण्यासारख्या तपासण्या सोप्या आहेत. पाच-सहा पोल काट्यावर घाला, ४६ किलोच्या खाली भरला तर आत पोकळी आहे किंवा माप कमी आहे. हातोडीने हलकं ठोका, टणक आवाज आला पाहिजे, बद्द नाही. पाण्याचा शिंतोडा मारा, लगेच शोषून घेतला तर काँक्रीट सच्छिद्र आहे. मोठी ऑर्डर असेल तर आयएस ४९९६ हे कुंपणाच्या आरसीसी पोलचं मानक मालकासमोर ठेवा आणि क्यूब टेस्टचा (काँक्रीटचे ठोकळे दाबून मजबुती मोजण्याचा) अहवाल मागा. निम्मे जण त्या नंबरलाच गोंधळतात, तीही एक परीक्षाच झाली.

वाहतुकीत जेवढे पोल मोडतात तेवढे वापरात मोडत नसतील. छोट्या हत्तीत पंधराच्या आसपास पोल नियमात बसतात, चालक पंचवीस भरतो. पोल दोन फळ्यांवर, टोकांपासून दीड-दीड फूट आत आधार देऊन रचायचे आणि उतरवताना दोघांनी धरून खाली ठेवायचे. गाडीतून सोडून देणं चालू दिसलं तर तिथेच थांबवा, कारण ‘मोडलेले बदलून देतो’ यात चीर पडलेले येत नाहीत.

उभारणीत खड्डा दीड ते दोन फूट, पोलभोवती काँक्रीट, दोन पोलांत आठ-दहा फूट. सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या) पद्धतीत दर पंधराव्या पोलला, कोपऱ्याला आणि शेवटच्या अलीकडच्या पोलला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू देतात, अगदी शेवटच्याला एका बाजूने. आपल्याकडे टेकूच गाळतात, मग तार ताणली की कोपऱ्याचा पोल आत झुकतो आणि दोष पोलला मिळतो. भातखाचरात तर पावसात माती लोण्यासारखी होते, तिथे दोन फुटांच्या खाली तडजोड नको. खड्ड्यातलं काँक्रीट सात दिवसांचं झाल्याशिवाय तार ताणायला घेऊ नका. कंत्राटदार दुसऱ्याच दिवशी तार ताणायचा पुलर घेऊन येईल, त्याला परत पाठवा.