‘६२५ हा कारखान्याचा नंबर आहे’: जुनी अंगठी ओळखून देणाऱ्याने मला कसं गंडवलं

मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्याला जमिनीत दागिना मिळाला की दोन प्रश्न हमखास पडतात: हा कशाचा आणि किती जुना? मला याच दोन प्रश्नांवर फसवण्यात आलं. त्या माणसाची पद्धत इतकी सफाईदार होती की तो आजही ती कुणावर तरी वापरत असणार, म्हणून सगळं लिहून काढते आहे.

शेतमालकांची परवानगी होती आणि जे मिळेल त्यात निम्मा वाटा त्यांचा, असं आधीच ठरलेलं होतं. नांगरलेल्या मातीत अंगठी मिळाली. लाल खडा, कोंदणावर फाळाचा तिरपा ओरखडा, वापरून वापरून मागे पातळ झालेली. आत बारीक ठसे होते: जहाजाचा नांगर, १५ आणि .६२५, शेजारी अर्धवट पुसलेलं एक अक्षर. मी साध्या पाण्याने माती काढली, बाजूने उजेड टाकून ठशांचे फोटो घेतले. मग जुन्या दागिन्यांची ‘मोफत ओळख’ करून देणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे गेले.

भिंगातून बघत तो म्हणाला, नांगर ही शोभेची नक्षी, खलाशांसाठी असल्या अंगठ्या निघायच्या. ६२५ हा कारखान्याचा नंबर. मग त्याने अंगठी कसोटीच्या दगडावर घासली आणि रेघेवर एका बाटलीतलं अ‍ॅसिड सोडलं. रेघ बघता बघता विरली. ‘बघा, सोनं नाही. पितळेवर मुलामा आहे. आणि मुलामा म्हणजे अलीकडचाच माल.’ खडा काचेचा ठरवला आणि भंगारापेक्षा थोडी जास्त रक्कम देऊ केली. मी अंगठी दिली.

आता एकेक खोटं सुटं करून सांगते.

त्या बाटलीवर १८ हा आकडा होता. कसोटीच्या संचात वेगवेगळ्या कॅरेटसाठी वेगवेगळी अ‍ॅसिडं असतात. १८ च्या अ‍ॅसिडखाली त्याहून कमी कसाच्या सोन्याची रेघ विरतेच. त्यातून एवढंच कळतं की सोनं १८ कॅरेटपेक्षा कमी आहे. सोनं नाही, असं मुळीच ठरत नाही. प्रामाणिक माणूस खालच्या कॅरेटपासून सुरुवात करतो आणि रेघ कुठल्या बाटलीला टिकते, कुठे विरते ते दाखवतो. याने एकच बाटली उघडली. डोळ्यांदेखत विरणारी रेघ बघितल्यावर समोरच्याचं तोंड बंद होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

.६२५ तर सरळ हिशेब आहे. १५ भागिले २४ केलं की हाच आकडा येतो. ब्रिटनमध्ये १८५४ साली ९, १२ आणि १५ कॅरेटच्या सोन्याला मान्यता मिळाली. १९३२ मध्ये १२ आणि १५ बंद करून त्यांच्या जागी १४ आणलं. जहाजाचा नांगर हा बर्मिंगहॅमच्या तपासणी कार्यालयाचा ठसा. म्हणजे काळाच्या दोन्ही कडा अंगठीच्या पोटातच कोरलेल्या होत्या. पुसट अक्षर वर्षाचं होतं. मात्र तीच अक्षरं दर काही वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून अक्षराची घडण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार दोन्ही जुळल्याशिवाय वर्ष ठरवू नये.

मुलामा म्हणजे अलीकडचा, हेही खोटं. विजेने मुलामा देण्याचं एल्किंग्टन यांचं पेटंट १८४० चं आहे, आणि पाऱ्याच्या साहाय्याने सोनं चढवण्याची रीत त्याहून कितीतरी जुनी. शिवाय मुलामा असता तर झिजलेल्या मागच्या भागात आतला धातू डोकावला असता. तिथे रंग एकसारखा होता.

वजनाचीही एक चाचणी आहे. दागिना कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला, आणि कोरड्या वजनाला दोन वजनांतल्या फरकाने भागा. पितळ साडेआठच्या आसपास येतं, शुद्ध सोनं १९.३. खडा धातूपेक्षा हलका असल्यामुळे तो आकडा खालीच ओढतो; तरीही उत्तर ११-१२ आलं, तर ते पितळ असूच शकत नाही. दागिना दुसऱ्याच्या हाती देण्याआधी हे आकडे आणि ठशांचे फोटो आपल्याकडे हवेत. आणि जो ओळख सांगतो त्याच्या मनात खरेदी असेल, तर ती ओळख धरू नका. संग्रहालयातल्या किंवा खरेदी-विक्री न करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा.

वय कमी सांगण्यामागे कधी आणखी एक डाव असतो. बऱ्याच देशांत जुनी मौल्यवान वस्तू सापडली की कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये ३०० वर्षांहून जुनी आणि निदान १० टक्के सोनं-चांदी असलेली वस्तू १४ दिवसांत. ‘अलीकडची आहे’ म्हटलं की शोधणारा कळवायला जात नाही आणि वस्तू नोंदीविना नाहीशी होते. ती कुठे, किती खोलीवर मिळाली ही माहितीही तिच्याबरोबर जाते. मला पैशांपेक्षा या गोष्टीचा संताप जास्त येतो.

काही काळाने तीच अंगठी विक्रीच्या जाहिरातीत दिसली: ‘व्हिक्टोरियाकालीन, १५ कॅरेट, गार्नेटचा खडा’. ओरखडा तोच, पुसट अक्षर तेच. विचारल्यावर उत्तर आलं की तुम्ही राजीखुशीने विकलीत. पण खरेदीच्या पावतीवर त्याने स्वतःच्या हाताने ‘मुलामा दिलेली पितळी अंगठी’ लिहिलं आहे. ती पावती, माझे फोटो आणि त्याची जाहिरात जोडून मी तक्रार दिली आहे. निम्मी अंगठी शेतमालकांची होती, म्हणून त्यांनीही वेगळी तक्रार नोंदवली आहे.