सर्व्हिसिंगची तारीख हुकली तरी कॅराव्हॅनची वॉरंटी टिकली: घरपोच येणाऱ्या इंजिनिअरच्या सर्व्हिसचा अनुभव

आमची कॅराव्हॅन (कारमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) २२ मे २०२१ ला नवीकोरी घेतलेली, चार बर्थची, सिंगल ॲक्सल म्हणजे चाकांची एकच जोडी. बॉडीत पाणी शिरण्यावर दहा वर्षांची वॉरंटी होती म्हणूनच जास्त पैसे घालून नवीन घेतली, कारण इंग्लंडच्या हवेत कॅराव्हॅनला आतून खाणारी गोष्ट एकच, ओल. बाहेरून काही दिसत नाही, आत वॉलपेपरच्या मागे लाकूड भुसभुशीत होत जातं आणि कळतं तेव्हा बिल हजारो पाउंडांत गेलेलं असतं. तर ही दहा वर्षांची वॉरंटी टिकवायची एक अट आहे, दर वर्षी सर्व्हिस झालीच पाहिजे, त्यात ओलीची तपासणी आलीच पाहिजे, आणि ती खरेदीच्या तारखेच्या आसपास ठरलेल्या मुदतीत. आमच्या पुस्तिकेत २२ मेच्या आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे असं लिहिलंय. दुसऱ्या कंपन्यांची मुदत वेगळी असते, कमी-जास्त असते, त्यामुळे आपापली पुस्तिका काढून वाचा, कॅम्पसाइटवर शेजारी कॅराव्हॅन लावलेल्या माणसानं काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

२०२४ ची सर्व्हिस मी जानेवारीतच बुक केली होती, जिथून घेतली त्या डीलरकडे, २० मेची तारीख. आठवडाभर आधी त्यांचा ईमेल, टेक्निशियन कमी आहेत, तुमची तारीख आता १४ ऑगस्ट. म्हणजे आमची मुदत ३ जुलैला संपणार आणि हे ऑगस्टमध्ये करणार! फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "काळजी करू नका हो, उशीर आमच्यामुळे झालाय, वॉरंटीला काही होत नाही, आम्ही सांगू कंपनीला." नवरा म्हणाला, सांगतायत ना ते, मग झालं तर. मला मात्र ते पटेना, कारण वॉरंटी देणारी कंपनी वेगळी आणि डीलर वेगळा, डीलरनं फोनवर दिलेला शब्द कंपनीवर कसा बंधनकारक होणार? काही ओळखीच्यांनी सांगितलं की २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळ्यांना मुदत वाढवून मिळाली होती, तसंच होईल. पण ते तेव्हा वर्कशॉपच बंद होते म्हणून कंपन्यांनी स्वतःहून केलं होतं, आता तशी काही सवलत चालू नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी मी कंपनीच्या वॉरंटी विभागाला ईमेल लिहिला, आणि हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगेन की मुदत संपायच्या आधी लिहा, संपल्यावर लिहिलं तर ते विनंती वाटत नाही, सबब वाटते. ईमेलमध्ये सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक, खिडकीच्या काचेवर कोरलेला असतो तोच), खरेदीची तारीख, आधीच्या दोन्ही सर्व्हिसच्या शिक्क्यांचे फोटो, त्या वर्षांचे ओलीचे रिपोर्ट आणि डीलरनं तारीख रद्द केल्याचा ईमेल जोडला. विचारलं इतकंच की ऑगस्ट चालेल का, नसेल चालत तर काय केलं तर वॉरंटी राहील. चार दिवसांनी उत्तर आलं. ऑगस्ट चालणार नाही, पण ३१ जुलैपर्यंत मुदत वाढवतो, आणि सर्व्हिस त्याच डीलरकडेच करायची सक्ती नाही, अप्रूव्ह्ड वर्कशॉप स्कीममधलं कुठलंही वर्कशॉप चालेल, घरी येणारा मोबाईल इंजिनिअर सुद्धा. सोबत रेफरन्स नंबर. डीलरच्या भरवशावर बसले असते तर वॉरंटी गेलीच होती.

ही स्कीम इकडच्या नॅशनल कॅराव्हॅन कौन्सिलची, म्हणजे कॅराव्हॅन व्यवसायाच्या संघटनेची आहे, दोन मोठे कॅराव्हॅन क्लब पण त्यात सामील आहेत, वर्कशॉपची दर वर्षी तपासणी होते. त्यांच्या साइटवर पोस्टकोड टाकला की जवळचे लोक दिसतात. पहिल्या तिघांनी सप्टेंबर सांगितला, चौथ्यानं ११ जुलै दिली. इथून पुढे त्याच्याच सर्व्हिसचा रिव्ह्यू.

फोनवरच त्यानं नीट प्रश्न विचारले. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर आहे का, दोन्ही बाजूंना चाकं काढायला जागा आहे का, वीज आणि पाणी मिळेल का. आमच्या घरासमोरचा ड्राइव्ह उताराचा आहे, त्यावर त्यानं सरळ नाही सांगितलं, चाक काढून ब्रेकचा ड्रम उघडायचा तर उतारावर करणार नाही. मग स्टोरेज यार्डवाल्यांना (कॅराव्हॅन उभ्या करून ठेवायची जागा) विचारलं, त्यांच्याकडे हुकअप म्हणजे विजेची जोडणी असलेली एक जागा होती, पण त्यांना इंजिनिअरच्या विम्याचं सर्टिफिकेट हवं होतं. त्यानं ते दहा मिनिटांत पाठवलं. तुम्ही स्टोरेजमध्ये करून घेणार असाल तर ही परवानगी आधीच काढून ठेवा, काही यार्ड बाहेरच्या माणसाला कामच करू देत नाहीत.

त्या दिवशी सांगितलेल्या वेळेला आला आणि साडेतीन तास काम केलं, मी पूर्ण वेळ तिथेच होते. आधीची दोन वर्षं डीलरकडे गाडी सोडून यायचो त्यामुळे सर्व्हिस म्हणजे नक्की काय करतात हे डोळ्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. दोन्ही ड्रम काढून ब्रेक शूज दाखवले, धूळ साफ केली, ॲडजस्ट केले आणि हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) मोठे नट नवीन घातले. हे नट एकदाच वापरायचे असतात, ड्रम काढला की जुना नट फेकून नवीनच लावायचा, आणि आमच्या ॲल्को कंपनीच्या चासीला तो २९० न्यूटन मीटर इतक्या जोरानं आवळावा लागतो, त्यासाठी त्याच्याकडे हातभर लांबीचा वेगळा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना) होता, घरातल्या साध्या रेंचचं ते कामच नाही. टायरवरचा चार आकडी कोड पण वाचून दाखवला, ३८२० म्हणजे २०२० सालचा ३८ वा आठवडा. म्हणजे गाडी २०२१ ची असली तरी टायर २०२० चे. कॅराव्हॅनचे टायर नक्षी शिल्लक असली तरी पाच वर्षांनी बदलावेत आणि सात वर्षांपुढे वापरूच नयेत असं इकडे सांगतात, कारण महिनोन् महिने उभ्या गाडीचा भार त्यांच्यावर असतो. इथे टूरिंग कॅराव्हॅनला एमओटी (कारसारखी दर वर्षीची सक्तीची सुरक्षा तपासणी) लागत नाही हे लक्षात घ्या, म्हणजे ही वार्षिक सर्व्हिस सोडली तर ब्रेककडे कोणी बघतच नाही. वॉरंटी संपली तरी मी सर्व्हिस करणारच, ती याच कारणासाठी.

गॅसची प्रेशर टेस्ट, रेग्युलेटर, गॅसच्या नळीवरची तारीख, फ्रिज गॅसवर आणि विजेवर दोन्हीकडे, आरसीडी (शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच), कार्बन मोनॉक्साइड अलार्मची मुदत, सगळं झालं, त्यात काही निघालं नाही.

मग ओलीचं मीटर. आतून प्रत्येक कोपरा, खिडक्यांच्या खाली, दिव्यांच्या मागे, लॉकरच्या आत, असं पन्नासच्या वर ठिकाणी टेकवून प्रत्येक आकडा गाडीच्या नकाशावर लिहीत गेला. १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही, १५ ते २० ला लक्ष ठेवायचं, २० च्या वर गेलं की पाणी येतंय असं समजून शोधायचं. आमचे सगळे ११, १२, १३ आणि पुढच्या खिडकीखाली उजव्या कोपऱ्यात २२! त्यानं दुसऱ्या मीटरनं बघितलं, २२ च. मागच्या वर्षीच्या रिपोर्टात तिथे १२ होतं. माझ्या पोटात गोळाच आला. हाताला कोरडं लागत होतं, वास नाही, डाग नाही, काही नाही. तो म्हणाला लाकूड अजून घट्ट आहे, बाहेरच्या पट्टीचं सील सुटलं असणार, लवकर सापडलंय, पण आजच कंपनीला कळवा. ऑगस्टच्या तारखेवर थांबले असते तर एक महिना अजून पाणी आत गेलं असतं, आणि वर वॉरंटी पण नाही.

कंपनीकडून पहिला प्रश्न काय आला माहितीये? सर्व्हिस २२ मेची, मुदत ३ जुलैची, झाली ११ जुलैला, असं का? मी त्यांचाच ईमेल रेफरन्स नंबरसकट पाठवला. इंजिनिअरला मी आधीच सांगून तो नंबर त्यानं रिपोर्टच्या वर लिहिला होता, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. पुढच्या आठवड्यात क्लेम मंजूर, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या एका डीलरनं पुढची पट्टी काढून सील नव्यानं भरलं, आम्हाला एक पेनी पडली नाही.

काही जण म्हणतील वॉरंटी कशाला, कायदा आहेच की. आहे, २०१५ चा कन्झ्युमर राइट्स ॲक्ट विकणाऱ्या डीलरविरुद्ध वापरता येतो, वॉरंटी गेली म्हणून तो हक्क जात नाही. पण खरेदीला सहा महिने उलटले की दोष मुळातच होता हे आपल्याला सिद्ध करायला लागतं, आणि तीन वर्षांनी सुटलेल्या सीलसाठी स्वतंत्र रिपोर्ट काढा, भांडा, यापेक्षा वेळेवर शिक्का मारून घेणं कितीतरी सोपं.

आता सर्व्हिसमध्ये कमी काय वाटलं ते पण सांगते. लेखी रिपोर्ट त्याच दिवशी मिळायला हवा होता, तीन दिवस लागले, आणि ओल सापडलेली असताना ते तीन दिवस फार जड गेले. तो वॉरंटीची बॉडी दुरुस्ती करत नाही, त्यासाठी डीलर शोधावाच लागतो. २६५ पाउंड घेतले, डीलरपेक्षा थोडे जास्तच, पण गाडी ओढून नेणं-आणणं वाचलं. पाचपैकी साडेचार देईन.

आणि एक, सर्व्हिस जुलैमध्ये झाली म्हणून पुढची जुलैमध्ये असं आमच्या वॉरंटीत नाही, तारीख खरेदीचीच धरतात. हे मी कंपनीला विचारून लेखी घेतलं. त्यामुळे त्याच इंजिनिअरची ९ मे २०२५ ची तारीख तेव्हाच घेऊन ठेवली, आणि त्याच्या डायरीत लिहायला लावलं की आल्या आल्या आधी उजव्या कोपऱ्याचं रिडिंग घ्यायचं.