जास्वंद वाचवायची कशी: जाळी, झटका, राखण की दुसरी झाडं?

गणपतीला एकवीस लाल जास्वंदी वाहायच्या म्हणून आदल्या संध्याकाळी कळ्या मोजून ठेवाव्यात आणि सकाळी परडी घेऊन बाहेर यावं, तर झाडावर नुसते देठ. कोकणात परसबाग राखणाऱ्या बहुतेक घरांनी हे सोसलं आहे. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, मागे डोंगर आणि अंगणावर आंब्या-फणसाच्या फांद्या. इतक्या वर्षांत आम्ही जवळजवळ सगळे उपाय करून पाहिले. यंदा पावसाआधी काही ठरवायचं असेल त्यांच्यासाठी ते शेजारी शेजारी मांडते आहे.

पैसे काढण्याआधी फुलं खातंय कोण ते नक्की करा. दिवसाढवळ्या कळ्या, कोवळी पानं आणि शेंडे गेले असतील, फांद्या मोडल्या असतील, तर ते काळतोंडे वानर. पाला पचवणारं, अनेक कप्प्यांचं पोट असतं त्यांचं, म्हणून ते फुलावर थांबत नाहीत, अख्खं झुडूप ओरबाडतात. लाल तोंडाची माकडं फळांच्या मागे येतात, जाता जाता फुलं तोडतात आणि कुंड्या उलथून टाकतात. रात्रीत निशिगंधाचे कंद उकरले गेले आणि जवळ एखादा काळा-पांढरा काटा पडलेला दिसला, तर साळिंदर. सगळा वाफाच नांगरल्यासारखा झाला असेल तर रानडुक्कर. पानांवर चंदेरी चिकट रेघ दिसली तर गोगलगाय. वानराचा उपाय साळिंदराला चालत नाही, आणि उलटही नाही. आमचे पहिले पैसे याच चुकीत गेले. चारी बाजूंनी कमरेएवढं कुंपण घातलं आणि वानर आंब्यावरून आत उतरले.

वानरांसाठी खात्रीचा उपाय एकच, वरूनही बंद असलेला जाळीचा पिंजरा. त्यात नायलॉन की लोखंडी हा प्रश्न येतो. नायलॉनची जाळी स्वस्त, हलकी, दोघांनी एका दुपारी बांधून होते. पण उन्हानं ती काही वर्षांत कुजते आणि माकडं तिला हातांनी ओढून भोक पाडतात. त्याहून मोठं दुखणं म्हणजे ढिल्या, बारीक धाग्याच्या जाळीत धामण अडकते. एकदा आमच्याकडे अडकलेली धामण सर्पमित्राला बोलावून कात्रीनं सोडवावी लागली. तिच्या अंगात रुतलेले धागे पाहिल्यापासून मी जमिनीलगत नायलॉन लावत नाही. लावायचीच असेल तर ताणून बांधा आणि खाली वीतभर मोकळी ठेवा.

जस्त चढवलेली, सांधे वितळवून जोडलेली लोखंडी जाळी महाग पडते. सांगाडा वेल्डरकडून करून घ्यावा लागतो, आणि खाऱ्या वाऱ्याच्या गावात दर दोन वर्षांनी रंग हवाच. तरीही माझी पसंती तिलाच आहे, फक्त ती सगळ्या अंगणाला नको. जास्वंदीची दोन-तीन झाडं मावतील एवढीच खोली करा, उंची सात-आठ फूट, दाराला चांगली कडी. माकडं साधी कडी उघडतात, म्हणून तिला खिट्टी किंवा कुलूप लावा. भोकं दोन इंचांची ठेवली तर शिंजीर आत येतो आणि जास्वंदीतला मध पिऊन जातो. अगदी बारीक जाळी लावून त्यालाही बाहेर ठेवायचं माझ्या मनाला पटत नाही. साळिंदर येत असेल तर हीच जाळी हातभर जमिनीत गाडा, तोही खालून थांबतो.

सौर कुंपणाची जाहिरात सध्या खूप आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं यंत्र साधारण सेकंदाला एक असा काही हजार व्होल्टचा, पण क्षणभराचाच झटका तारेत सोडतं. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. बागायतदाराला रानडुक्कर अडवायला ते उपयोगी आहे. घरच्या फुलांसाठी मात्र मी सुचवणार नाही. कुंपणावर एक जरी फांदी आली असेल तर वानराला तारेला शिवावंच लागत नाही. आणि जिथं तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तिथं श्रावणात गवत तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरून जातो. दर आठवड्याला गवत काढणारं माणूस घरात असेल तरच या वाटेला जा. घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यानं गावोगाव माणसं गेली आहेत. कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा.

राखणीचा खर्च सर्वांत कमी, पण तिला माणूस लागतो. डबा वाजवणं, फटाके, रबरी साप, वाघाचं चित्र यांचा धाक काही दिवस टिकतो, मग वानर त्या चित्राशेजारीच बसतात. कुत्रा चांगला, पण लाल तोंडाची माकडं टोळीनं असतील तर त्यालाच चावतात. पाइपात कार्बाइड घालून उडवायची तोफ घरात आणू नका. डोळे जाण्याचं भय आहे. सापळा किंवा विषाचा तर विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि ही जनावरं आपल्या आधीपासून या डोंगरात आहेत.

मिरची-लसणाचं पाणी फवारून वानर थोडं थांबतात, कारण तिखट त्यांना झोंबतं. पाखरांना झोंबत नाही. पहिल्या सरीबरोबर फवारा धुऊन जातो, म्हणजे गणपतीच्या ऐन दिवसांत उपयोग शून्य. उन्हाळ्यात कुंडीतल्या गुलाबासाठी करून बघायला हरकत नाही.

झाडं बदलण्याचा उपाय मला सुरुवातीला हार मानल्यासारखा वाटायचा. आता तसं वाटत नाही. आमच्याकडे तगर, सदाफुली, अबोली आणि कण्हेर बिनकुंपणाची उभी आहेत आणि वानर सहसा त्यांच्याकडे वळत नाहीत. तगरीत आणि कण्हेरीत चीक असतो, सदाफुली कडू. कण्हेर विषारी आहे, म्हणून लहान मुलं किंवा गुरं असतील तर ती दूर लावा. भुकेलं जनावर वैशाखात काय खाईल याची हमी मात्र कुणीच देऊ शकत नाही.

गोगलगायींना यातलं काहीच लागू नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्यात पसरा, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा. वाफ्यात मीठ टाकू नका, माती खराब होते.

तेव्हा घर स्वतःचं असेल आणि त्रास वानरांचा असेल, तर लहान लोखंडी पिंजऱ्यात जास्वंद आणि गुलाब, बाहेर तगर-अबोली, हे करा. घर भाड्याचं असेल तर कुंड्या आणि ताणून बांधलेली नायलॉनची जाळी. निशिगंध हवाच असेल तर तो मोठ्या कुंडीत, पायरीवर. आणि यातलं काहीच यंदा जमणार नसेल, तर जास्वंदीच्या फुगलेल्या, रंग दिसू लागलेल्या कळ्या संध्याकाळीच खुडून ओल्या फडक्यावर देवघरात ठेवा. पहाटे पूजेच्या वेळेपर्यंत त्या उमलतात.