टपरीच्या खर्चासाठी यूपीआय लाइट : सहा महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, सिगारेट सुटलेली नाही. सुटली असेल या आशेनं वाचत असाल तर निराशा होईल. मला फक्त जाते किती, एवढंच बघायचं होतं.

पुण्यात एकटा राहतो. वन आरके, भाडं ७,५००, मेसचे ३,२००. पगार झाला की घरी पैसे पाठवतो, उरलेल्याचा हिशोब विचारणारं कोणी नाही. कोणी विचारलं असतं तर ‘दिवसाला तीन-चार’ असं मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं असतं.

म्हणून यूपीआय लाइट सुरू केलं, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि त्यातून छोट्या रकमा द्यायच्या, अशी ॲपमधली सोय. आणि ठरवलं, यातून पैसे फक्त टपरीवर द्यायचे. दर वेळी ५०० भरायचे. बँकेच्या पासबुकात एवढी भरलेली रक्कमच दिसते, आतले छोटे व्यवहार ॲपमध्ये जाऊन बघावे लागतात. पहिल्या महिन्याअखेर रात्री बसून बघितले. १२ म्हणजे चहा, १८ म्हणजे सिगारेट, ३० म्हणजे दोन्ही. नुसती तिसांची रांग! सात वेळा भरलं होतं, ३,५००. चहा-बिस्किटाचे ८०० वजा केले तर २,७००. १८ नं भागलं, दीडशे सिगारेटी. म्हणजे रोजच्या पाच. मेसच्या बिलाला पाचशेच कमी.

सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीत शहरी भागात पान, तंबाखू आणि मादक पदार्थ मिळून दरडोई खर्चाचा वाटा २.४३ टक्के आहे. त्यात न ओढणारेही धरलेले, त्यामुळे थेट तुलना करणं बरोबर नाही. तरी करून पाहिली. घरी पाठवलेले सोडून माझा स्वतःचा खर्च सोळा हजारांच्या आसपास, त्यात नुसत्या सिगारेटचे सतरा टक्के! घरात चार माणसं असती तर हाच आकडा चौघांत भागला गेला असता. इथं भागायला मीच.

आता तक्रार. लाइटला पिन लागत नाही. भाजीवाल्याकडे ही मोठी सोय, पण टपरीवर ओढणाऱ्याच्या हातात ती घातकच. पिन टाकताना जो क्षणभर हात थांबायचा, तोही थांबेना. वर मी शहाण्यानं पैसे आपोआप भरण्याची सोयही चालू ठेवली होती. तिसऱ्या महिन्यात ४,००० गेले आणि मला पत्ता नाही. ही चूक माझीच, यंत्रणेनं तिचं काम चोख केलं.

चौथ्या महिन्यापासून ती सोय बंद केली. सोमवारी ५००, संपले की संपले. याचा मात्र फरक पडला. गुरुवारीच शिल्लक ४२ दिसली की संध्याकाळी माणूस चहावर भागवतो.

सुट्ट्या सिगारेटचं एक आहे. राज्यात २०२० पासून सुटी विकायला बंदी आहे, पण आमच्या टपरीवर मागितली की मिळते. पाकीट घेतलं तर एकदम १८० जातात, शिवाय पाकिटाच्या ८५ टक्के जागेवरचं ते धोक्याच्या इशाऱ्याचं चित्र बघावं लागतं. सुटी घेतली की चित्रही नाही आणि एकूण बेरीजही नाही. अठरा रुपये कोण मोजतं?

सहाव्या महिन्यात २,००० च भरले. चहा वगैरे ६५० सोडले तर १,३५०, म्हणजे ७५ सिगारेटी. निम्म्यावर आलो म्हणून खूश होतो. मग महिन्याच्या शेवटी टपरीवाल्या काकांनी उधारीची वही पुढे केली. लाइटमधले पैसे संपलेले असले की ते विचारायचे, “लिहून ठेवू का, दादा?” आणि मी मान हलवायचो. माझ्या नावापुढे ३०६ रुपये. सतरा सिगारेटी, एकही ॲपमध्ये नाही.

३०६ रोख दिले, पिन टाकायची गरजच ठेवली नाही. काकांसमोरच ते पान फाडून घेतलं. काका म्हणाले, “पुढचं पान कोरंच आहे.”